जोडीदाराची तक्रार आणि कारखाना कायदा

कारखान्यात प्रेस मशीनवरचा जोडीदार टार्गेट गाठायला मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं कवच, काढून ठेवतो. सुपरवायझरला सांगावं तर त्याला मेमो मिळणार. ठेकेदाराकडचा असेल तर उद्यापासून कामच बंद. गप्प राहावं तर एखाद्या पाळीत त्याची बोटं जाणार. या पेचाची मुळं बरीच जुनी आहेत.

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात मुख्यतः मुलांच्या कामाचे तास होते आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती होती. १९४८ च्या कायद्यातलं कलम १११ कामगाराकडे वळलं. सुरक्षा साधनाशी मुद्दाम छेडछाड केली, स्वतःला किंवा इतरांना धोक्यात घातलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, १०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चुकणाऱ्याला शिक्षा ठरली, पण धोका बघून बोलणाऱ्याला त्या कायद्याने कुठलाच हक्क दिला नाही. सहकाऱ्याबद्दल तोंड उघडायला माणसं कचरतात ती यामुळे, असं मला वाटतं.

मग भोपाळ झालं. १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगारांनी आवाज उठवला, तो कुणी मनावर घेतला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. तरी कंपनीने पुढे बोट दाखवलं ते एका नाराज कामगाराच्या घातपाताकडे! हे ऐकलेला कुठला कामगार सहकाऱ्याचं नाव सहज पुढे करेल?

कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने चित्र बदललं. सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाइतक्याच जागा मिळाल्या. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात अपघाताची शक्यता दिसली तर व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी सरकारी कारखाना निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क मिळाला. कलम ११८-अ नुसार तक्रार कुणाकडून आली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, असं ठरलं.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. असुरक्षित परिस्थिती दिसली की कळवणं हे तिच्यात कामगाराचं कर्तव्यच आहे. पण रोजची तक्रार निरीक्षकापर्यंत जात नाही, ती सुपरवायझरच्या टेबलावर जाते, सांगणाऱ्याच्या नावासकट. तिथेही नाव झाकलं जावं आणि गार्ड का काढावा लागला हे आधी विचारलं जावं, मेमोचं नंतर बघता येईल.