नावाला बैरागी

हमिंगबर्ड म्हटलं की डोळ्यांसमोर झगमगीत रंग येतात. कोस्टा रिकातल्या ला सेल्वाच्या ओल्या जंगलात लांबचोच्या हर्मिट पाहिला, तर मात्र जरा निराशाच होईल. मातकट तपकिरी अंग, खाली वळलेली लांब चोच आणि शेपटीतून बाहेर आलेली दोन पांढरी पिसं, एवढाच त्याचा थाट. वजन जेमतेम सहा ग्रॅम, म्हणजे आपल्या पितळी रंगाच्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं. हर्मिट म्हणजे बैरागी. पण या बैराग्याचे नर जंगलाच्या दाट झुडपात दहा-वीस जणांचा अड्डा जमवतात. प्रत्येकाची ठरलेली डहाळी असते. तिच्यावर बसून तो शेपटी हलवत एकच ठेक्याचं चिरचिर गाणं तासन्‌तास घोळवतो. हे गाणं उपजत नसतं, ऐकून शिकलेलं असतं. त्यामुळे एकाच अड्ड्यावर शेजार बदलला की गाणंही बदललेलं आढळतं.

डहाळीसाठी भांडणंही होतात. प्रौढ नराच्या चोचीचं टोक सुरीसारखं अणकुचीदार असतं आणि ते तो प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यावर मारतो. माद्यांना आणि कोवळ्या नरांना हे हत्यार नसतं. चोच फुलातला मध काढण्यासाठीच घडली, असं इतकी वर्षं धरून चाललेल्या अभ्यासकांना 2014च्या सुमारास हे नव्याने ध्यानात आलं.

पण नुसत्या टोकदार चोचीवर डहाळी मिळत नाही. हा पक्षी एका फुलझाडावर पहारा देत बसत नाही. गवळी जसा ठरलेल्या घरी रतीब घालतो, तसा तो जंगलभर विखुरलेल्या हेलिकोनियांची रोजची फेरी मारतो. केळीच्या गोतावळ्यातल्या या झाडाचं एकेक फूल एकच दिवस टिकतं. कुठे काय फुललंय हे लक्षात ठेवणाऱ्याचं पोट लवकर भरतं, आणि गायला वेळ उरतो. संशोधकांनी तीन भांडी टांगली, एकातच साखरपाणी ठेवलं आणि कोणाला जागा आठवते ते पाहिलं. 2018च्या या अभ्यासात स्मरणशक्ती ही चोचीच्या टोकाइतकीच आणि अंगाच्या आकाराइतकीच महत्त्वाची ठरली. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं: दांडगाई करणाऱ्यालाही पत्ते पाठ लागतात.

फेरीवर फुकटे प्रवासीही असतात. फुलांत राहणारे बारीक कोळीवर्गीय माइट त्याच्या नाकपुडीत बसून पुढच्या फुलापर्यंत जातात आणि तिथे चोचीवरून धावत उतरतात. मधात ते पक्ष्याचे वाटेकरीच.

(आपल्याकडे बागेतल्या शिंजिराला पुष्कळजण हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. शिंजीर दुसऱ्याच कुळातला.)

खरी बैरागीण मादी. अड्ड्यावर येऊन जोडीदार निवडला की ती एकटीच निघून जाते. ताडवर्गातल्या झाडाच्या पानाच्या टोकाशी, खालच्या बाजूला, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी घरटं चिकटवते. वर पानाचं छप्पर, आत दोन पांढरी अंडी. तिकडे नर आपल्या डहाळीवर गातच असतो.