दोरीतलं छिद्र: शिकारी धनुष्यावर पीप साइट कशी आली

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की धनुष्यवाल्या शिकाऱ्यांत एक प्रश्न हमखास निघतो: पीप साइट कुठली बसवायची? पीप साइट म्हणजे धनुष्याच्या दोरीचे धागे फाकवून त्यांत अडकवलेली ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची चिमुकली चकती, मधोमध छिद्र असलेली. दोरी पूर्ण ओढली की ती डोळ्यासमोर येते. त्या छिद्रातून पुढच्या साइटची, म्हणजे धनुष्यावर बसवलेल्या नेमाच्या खुणेची, पिन बघायची आणि पिन जनावरावर आणायची. छिद्र १/८ इंचाचं, ३/१६ चं की १/४ चं? रबरी नळी असलेली की नसलेली? ३७ अंशांची की ४५? नवख्याला वाटतं, कंपन्यांनी उगाच पसारा मांडलाय. पण यातला जवळपास प्रत्येक पर्याय धनुष्यात दुसरीकडेच झालेल्या बदलाने उभी केलेली अडचण निस्तरण्यासाठी आला आहे.

बंदुकीला नेमासाठी दोन खुणा असतात: पुढे माशी, डोळ्याजवळ खाच किंवा छिद्र. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या विल्यम लायमनने १८७९ मध्ये रायफलच्या मागच्या छिद्राच्या साइटचं पेटंट घेतलं. छिद्र मोठं आणि कड बारीक ठेवली तरी शिकाऱ्याचा नेम चुकत नाही, हे त्याने दाखवून दिलं. गोल छिद्रातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो, त्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. धनुष्याला मात्र मागची खूण नव्हतीच. ते काम धनुर्धराच्या चेहऱ्याकडे होतं. इंग्लंडमध्ये बाण कानापर्यंत ओढायची जुनी रीत होती. इंग्लिश धनुर्धर हॉरेस फोर्डने आग्रह धरला की बाण नेमाच्या डोळ्याच्या बरोबर खाली आला पाहिजे, आणि १८५७ मध्ये चेल्टनहॅमला डबल यॉर्क राउंड या स्पर्धाप्रकारात २८८ बाणांत १२५१ गुण मिळवले. हा विक्रम पुढे कित्येक दशकं टिकला. आजही रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं बिनकप्पीचं धनुष्य वापरणारा खेळाडू दोरी नाक-हनुवटीला टेकवतो तेव्हा चेहऱ्यालाच मागची साइट करत असतो.

अमेरिकेतली आधुनिक धनुष्य-शिकार सुरू झाली ती कुठल्याही साइटशिवाय. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ १९११ मध्ये इशी नावाचा याही जमातीचा एकटा उरलेला माणूस समोर आला. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य शिकले. इशीचा सगळा भर जनावराच्या जवळ जाण्यावर होता. पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांनी ती आवड पुढे नेली, १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने फक्त धनुष्यासाठी हरणांचा वेगळा मोसम ठेवला आणि १९६१ मध्ये धनुष्यवाल्या शिकाऱ्यांचा पोप अँड यंग क्लब उभा राहिला. यातले बहुतेक जण नजरेच्या अंदाजाने बाण सोडायचे. साइट लावणं म्हणजे थोडी लबाडीच, असं मानणारेही कमी नव्हते. माझ्या मते या अभिमानामागे एक साधी शारीरिक अडचण लपलेली होती. ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की ते ६० पौंड तीन बोटांवर तोलून धरावे लागतात. दोन-तीन सेकंदांत खांदा थरथरायला लागतो. छिद्रातून पिन शोधायला वेळ होताच कोणाकडे?

तो वेळ मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने मिळवून दिला. त्याने रिकर्व्ह धनुष्याची टोकं कापून तिथे मध्यापासून सरकलेल्या आसावर फिरणाऱ्या कप्प्या बसवल्या. १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरमध्ये ते मिळालं. अशा कप्पीवाल्या, म्हणजे कंपाउंड धनुष्यात ओढण्याच्या मधल्या टप्प्यात सगळ्यात जास्त ताकद लागते आणि शेवटी कप्पी उलटली की भार एकदम उतरतो. सुरुवातीला ही सूट बेताचीच होती. नंतर ती ५० टक्के, ६५ टक्के आणि आता ८०-८५ टक्क्यांपर्यंत गेली. ७० पौंडांच्या धनुष्यात ८० टक्के सूट म्हणजे हातावर उरतात १४ पौंड. एवढं वजन धरून हरणाने कूस वळवेपर्यंत थांबता येतं. पीप साइटचा खरा जन्म इथे झाला असं मी म्हणेन.

पाठोपाठ यांत्रिक रिलीज आला. बोटांऐवजी मनगटाला बांधलेला चिमटा दोरी धरू लागला आणि हात जबड्याच्या मागे सरकला. बोटांमुळे चेहऱ्यावर मिळणारी ओळखीची टेकण गेली. काहींनी दोरीवर ओठाला लागणारं किसर बटन ठेवलं, पण बहुतेकांना डोळ्यासमोरच पक्की खूण हवी होती.

आता दोरीचा त्रास सुरू झाला. त्या काळच्या दोऱ्या डेक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या. त्या ताणायच्या, सैल पडायच्या, ऊन-थंडीने बदलायच्या. पिळलेली दोरी ओढली की थोडी फिरते, आणि तिच्यासोबत पीपही. ऐन वेळी छिद्राऐवजी चकतीची कड डोळ्यासमोर आली की समोरचं जनावर दिसतच नाही. यावर उपाय निघाला रबरी नळीचा. नळीचं एक टोक पीपला आणि दुसरं धनुष्याच्या केबलला किंवा वरच्या पात्याला, म्हणजे वाकणाऱ्या भुजेला. दोरी ओढली की नळी ताणली जाते आणि पीपला ओढून डोळ्याकडे वळवते. उपाय चोख, पण रबर थंडीत कडक होतं, उन्हात चिरतं आणि पूर्ण ताणात तुटलं तर थेट चेहऱ्यावर फटका देतं. शिवाय बाण सुटताना आवाज करतं, तो निराळाच.

नळीची गरज संपवली ती दोरीनेच. १९८० च्या दशकात स्पेक्ट्रा, डायनीमासारख्या जवळपास न ताणणाऱ्या धाग्यांच्या दोऱ्या आल्या, पुढे त्यांत व्हेक्ट्रान मिसळून आणखी स्थिर दोऱ्या झाल्या. नीट बांधलेल्या अशा दोरीत पीप बसवून वरून-खालून धाग्याने पक्की आवळली की ती दरवेळी त्याच तोंडाने समोर येते. तरीही दोरीचं काम पक्कं नसेल तर नळीवालीच बरी, असं सांगणारे जुने दुकानदार आजही भेटतात. त्यांचं काही चुकत नाही.

अंशांची भानगडही धनुष्याच्याच बदलामुळे. पूर्वीची कंपाउंड धनुष्यं कप्पीपासून कप्पीपर्यंत ४० इंचांच्या पुढे असत. झाडावरच्या मचाणात सोयीची म्हणून ती आखूड होत ३० इंचांच्या आसपास आली. धनुष्य आखूड झालं की पूर्ण ओढलेली दोरी डोळ्यासमोर जास्त कलते आणि तिच्यात सरळ पाडलेलं छिद्र लंबगोल दिसतं. म्हणून छिद्रच तिरकं पाडायचं, दोरीच्या कलाप्रमाणे.

राहिला आकार, आणि वादही त्यावरच जास्त. लहान छिद्रातून पिन आणि लक्ष्य दोन्ही रेखीव दिसतात, पण उजेड कमी मिळतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकारीची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते आणि हरणं नेमकी याच संधिप्रकाशात बाहेर पडतात. उजेड गोळा करणाऱ्या फायबर ऑप्टिक पिना आल्यावर पुढची पिन चमकू लागली, पण बारीक छिद्रातून जनावर काळंच दिसणार. पूर्वी मोठं छिद्र घेतलं की पिन मध्यावर आहे की नाही याचा भरवसा नसायचा, कारण पिनांभोवतीची चौकट चौकोनी असे. ती गोल झाली आणि ३/१६ किंवा १/४ इंचाच्या छिद्रात ते कडं बरोबर बसवायची युक्ती सापडली: वर्तुळात वर्तुळ. लायमनने रायफलवर सांगितलेलंच पुन्हा लागू पडलं. शिकाऱ्याने छिद्राचा आकडा आधी ठरवू नये, आपल्या साइटच्या कड्याशी जुळणारं छिद्र घ्यावं, ही सूचना मला सगळ्यात व्यवहारी वाटते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, पण पीप साइट आपल्याकडे आली ती कंपाउंडच्या स्पर्धांमधून. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे ५० मीटरवरून सगळे १५ बाण ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात. कंपाउंडला दोरीत पीप आणि पुढे भिंग चालतं, रिकर्व्हच्या नियमांत दोरीतली पीप बसत नाही. त्यामुळे २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येईल तेव्हा अशी साइट ऑलिंपिकच्या मैदानावर पहिल्यांदा दिसेल. ती शिकाऱ्याच्या पीपपेक्षा बरीच बारीक असते, अनेकदा आत छोटं भिंगही असतं. भर उजेडात स्थिर लक्ष्यावर ती उत्तम चालते, पण मिशिगनच्या जंगलात नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिच्यातून फारसं काही दिसायचं नाही.