स्टिअरिंग वळवताना किती व्होल्ट उरतात?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला भाताची मळणी उरकली की शिवारात मोकळे तुकडे मिळतात. समोर राजहंसगड, पायाखाली वाळून टणक झालेली माती. माझा भाचा आपली रेडिओवर चालणारी बग्गी तिथेच पळवतो. एक-अष्टमांश मापाची नायट्रो गाडी. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर धावणारं खरंखुरं इंजिन तिच्यात आहे. गेल्या जानेवारीत एका उडीनंतर ती जमिनीवर आली आणि हातातल्या रिमोटला जुमानेनाशी झाली. थ्रॉटल उघडं, चाकं सरळ, आणि गाडी थेट बांधावर. समोर माणूस नव्हता हे आमचं नशीब. भाचा पहिलं वाक्य बोलला ते असं : "मामा, कालच नवे सेल घातलो की!"

तो खोटं बोलत नव्हता. सेल नवेच होते, आणि म्हणूनच अशा गाडीत बॅटरी कुठली घालावी यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

उद्यमबागेत मोटरची कंट्रोल पॅनल दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. संध्याकाळी गाडी टेबलावर घेतली. अशा गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू फार थोड्या असतात : रेडिओचा संदेश पकडणारा रिसीव्हर आणि दोन सर्वो, म्हणजे संदेशाप्रमाणे हव्या तेवढ्याच वळणाऱ्या छोट्या मोटरी. एक सर्वो चाकं वळवतो, दुसरा थ्रॉटल आणि ब्रेक सांभाळतो. या तिघांना पोसणारी ती रिसीव्हरची बॅटरी. इथे प्लॅस्टिकच्या खोक्यात साधे चार अल्कलाइन पेन्सिल सेल होते. मल्टिमीटर लावला, ६.२ व्होल्ट. उत्तम. मग पुढची चाकं गोणपाटावर टेकवली, गाडीवर हाताने वजन दिलं आणि भाच्याला स्टिअरिंग झटक्यात या टोकापासून त्या टोकाला फिरवायला सांगितलं. मीटरचा आकडा ४.६ वर आला. मल्टिमीटर मात्र सरासरी दाखवतो, क्षणाचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडला. वळवण्याच्या पहिल्या क्षणी व्होल्टेज ३.४ पर्यंत खाली जात होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेलच्या खोक्यावर टिचकी मारली, तर स्प्रिंगचा संपर्क सुटून रेघ क्षणभर थेट शून्यावर!

बऱ्याच रिसीव्हरना साडेतीन व्होल्टच्या आसपास काम थांबवावं लागतं. त्यांच्या आत एक छोटा संगणकच असतो. तो बंद पडला की पुन्हा उठायला आणि रिमोटशी नातं जोडायला वेळ घेतो, कधी एक सेकंद, कधी त्याहून जास्त. ताशी ४० किलोमीटरने पळणारी गाडी दोन सेकंदांत बावीस मीटर जाते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते. म्हणजे अख्खी खेळपट्टी ओलांडून गेली तरी गाडी कुणाच्याच ताब्यात नाही. फेलसेफ नावाची सोय आहे, सिग्नल तुटला तर ती सर्वोला ब्रेकवर नेते. पण सर्वो हलवायलाही वीज लागतेच. बॅटरीच बसली तर फेलसेफ काय करणार? त्यासाठी नायट्रो गाडीच्या कार्ब्युरेटरला थ्रॉटल मागे ओढणारी छोटी स्प्रिंग लावावी. बॅटरी कुठलीही असो, ही स्प्रिंग माझ्या मते सक्तीची आहे.

व्होल्टेज पडतं कशामुळे? खेड्यात पिठाची गिरणी सुरू झाली की गल्लीतले दिवे क्षणभर मंद होतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोटर सुरू होताना मोठा करंट ओढते, लांबच्या तारेत तेवढं व्होल्टेज खर्ची पडतं आणि बल्बला उरलेलं मिळतं. सेलच्या आतही अशी एक न दिसणारी 'तार' असते, तिला अंतर्गत रोध म्हणतात. ताज्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा रोध साधारण ०.१५ ते ०.३ ओहम. चार सेल एकापुढे एक जोडले की पाऊण-एक ओहम होतो, वर स्प्रिंगच्या संपर्कांचा वेगळा. दोन सर्वोंनी मिळून ३ अँपिअर ओढले की अडीच-तीन व्होल्ट जागच्या जागी गेले. स्कोपवर दिसलं ते हेच. चांगल्या लिथियम पॅकचा रोध तारांसकट धरूनही याच्या कितीतरी पट कमी असतो. त्याच झटक्याला तो पाव व्होल्टसुद्धा हलत नाही.

तेव्हा लिथियम घ्यायचं हे ठरलं. पण दुकानात गेलं की लिथियमची दोन घराणी समोर येतात, आणि चुका इथेच होतात.

पहिलं घराणं लायपोचं, म्हणजे लिथियम-पॉलिमरचं. एका सेलचे ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन सेलच्या पॅकवर ७.४ लिहिलेलं असतं, पण चार्जरवरून काढलेला पॅक प्रत्यक्षात ८.४ व्होल्टचा असतो. दुसरं घराणं लिथियम-आयर्न-फॉस्फेटचं, या छंदातली मंडळी त्याला 'लायफ' म्हणतात. त्याच्या सेलचे ३.३ व्होल्ट, भरताना कमाल ३.६. दोन सेलचा पॅक ६.६ व्होल्टचा. भरून काढल्यावर तो ७.२ दाखवतो, पण गाडी थोडी फिरली की ६.६ च्या जवळ येऊन बसतो आणि संपत येईपर्यंत तिथून फारसा हलत नाही.

आता सर्वोकडे या. साधे सर्वो ४.८ ते ६ व्होल्टसाठी बनवलेले असतात. त्यांना ८.४ व्होल्ट थेट दिले तर काही दिवस ते जोरात चालतील, मग आतली मोटर किंवा सर्किट जळेल. 'एचव्ही' म्हणजे हाय व्होल्टेज म्हणून विकले जाणारे सर्वो वेगळे. पण त्यातही सावध राहा. डब्यावर ७.४ छापलेलं असतं तेव्हा ते सरासरीचं की कमाल मर्यादेचं, हे माहितीपत्रकातच कळतं. ८.४ स्पष्ट लिहिलेलं असेल तरच लायपो थेट जोडावा. रिसीव्हरचीही कमाल मर्यादा त्याच वेळी बघून घ्यावी.

साधे सर्वो ठेवून लायपो वापरायचा तर मध्ये रेग्युलेटर लागतो, तो व्होल्टेज ६ वर आणून देतो. जुन्या धाटणीचा रेग्युलेटर जादाचं व्होल्टेज उष्णता करून टाकतो. ८.४ मधले २.४ व्होल्ट जादा, करंट ३ अँपिअर, म्हणजे ७.२ वॉट उष्णता आगपेटीएवढ्या तुकड्यात, आणि तोही इंजिनाशेजारच्या बंद डब्यात. स्विचिंग पद्धतीचा रेग्युलेटर इतका तापत नाही. तरीही बिघडू शकणारी आणखी एक वस्तू, आणखी दोन जोडण्या वाढतातच. माझ्या धंद्यात शिकलेली गोष्ट अशी की पॅनलमध्ये जेवढे जोड कमी, तेवढे रात्रीचे फोन कमी. म्हणून भाच्याच्या गाडीत मी लायफ बसवला. पण ६.६ सुद्धा ६ च्या वरच आहे. पुष्कळ सर्वो ते सहन करतात, सगळे नाही. त्याच्या सर्वोच्या पत्रकात ते चालतं असं लिहिलेलं होतं, म्हणूनच जोडलं.

लायफकडे कल असण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते रसायनशास्त्रातलं आहे. बहुतेक लायपो सेलच्या धन बाजूला कोबाल्टचं ऑक्साइड असतं. सेल चिरडला, जादा भरला, फार तापला की ते ऑक्साइड मोडतं आणि ऑक्सिजन सोडतं. आत जळणारा सेंद्रिय द्रव असतोच. म्हणजे आग आणि आगीला हवा, दोन्ही एकाच पिशवीत. लायफमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, फॉस्फेटचा तो बंध सहजी तुटत नाही. या पदार्थाचा बॅटरीसाठी उपयोग दाखवणारा शोधनिबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून आला. जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही नावं आहेत. बेळगावात बसून ती वाचताना मला वेगळाच आनंद झाला होता. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय ९७ होतं. आज रस्त्यावरच्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्यांत हेच रसायन आहे. गरम इंजिन, शेजारी इंधनाची टाकी, वर उड्या आणि आदळआपट, अशा जागी बसणारी बॅटरी जरा शांत स्वभावाची असलेली बरी. तेवढ्याच वजनात लायपो जास्त ऊर्जा देतो हे खरं, पण रिसीव्हरला मुळात लागतं किती?

तेही मोजलं. वीस मिनिटं गाडी पळवली आणि पॅक परत भरला. चार्जरने २६० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) भरल्याचं दाखवलं, म्हणजे तासाला ७८०. पॅक १६०० एमएएचचा आहे. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे म्हटलं तर १२८०, म्हणजे दीड तासाहून थोडं जास्त. मोठा आकडा बघून मोठा पॅक घेण्याची काहीच गरज नव्हती. लायफच्या बाबतीत ही मोजणी दर वेळी करावी लागते, कारण त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तेवढंच राहतं. मीटर लावून 'अजून निम्मा शिल्लक आहे' असं सांगता येत नाही, आणि शेवटी तो एकदम कोसळतो. आम्ही डब्याच्या झाकणावर खडूने मिनिटं लिहितो.

चार्जिंगमध्ये मात्र एकच चूक महागात पडते. लायफ पॅक लायपोच्या सेटिंगवर लावला तर चार्जर प्रत्येक सेल ३.६ ऐवजी ४.२ पर्यंत रेटतो. उलट केलं, लायपोला लायफचं सेटिंग दिलं, तर पॅक जवळजवळ रिकामाच राहतो आणि गाडी मध्येच थांबते. आम्ही लायफ पॅकला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलीय, पिवळं दिसलं की चार्जरवर लायफ. जुन्या निकेल पॅकचा चार्जर लिथियमला कधीच लावू नये. तो व्होल्टेज किंचित घसरायची वाट बघत भरत राहतो, आणि लिथियम पॅकमध्ये ती घसरण त्याला योग्य वेळी दिसतच नाही. करंट पॅकच्या आकड्याएवढा ठेवावा, १६०० एमएएचला १.६ अँपिअर, आणि सगळे सेल सारखे भरावेत म्हणून पॅकला असलेली बॅलन्सची छोटी वायर दर वेळी जोडावी.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी थोडक्यात : तुमच्या स्पीड कंट्रोलरमधूनच रिसीव्हरला वीज मिळते, वेगळी बॅटरी बहुधा लागत नाही. मोठ्या सर्वोसाठी वेगळी लावलीच, तर कंट्रोलरकडून रिसीव्हरला जाणाऱ्या प्लगमधली लाल तार काढून ठेवा. नाहीतर दोन वीजस्रोत एकमेकांशी भांडतात.

पॅकचा आकार डब्यात बसतो का, ते आधी पट्टीने मोजून घ्या. लायपो आणि लायफचे बरेच पॅक मऊ पिशवीचे असतात, त्यांना कडा टोचता कामा नये. आम्ही पातळ फोमच्या पट्टीत गुंडाळून बसवला. स्विच आणि प्लगकडेही लक्ष हवं. रिसीव्हरच्या नेहमीच्या छोट्या प्लगला सलग ३ अँपिअरच्या पुढे ताण सोसत नाही, आणि स्वस्त स्विचचे संपर्क तर धुळीनेच सैल होतात.

बेळगावच्या पावसाचं वेगळं सांगायला नको. जूनमध्ये सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत शिवारात गाडी नेता येत नाही. चार महिने पडून राहणारा लायपो पूर्ण भरून ठेवला तर फुगतो, रिकामा ठेवला तर मरतो. चार्जरचं स्टोरेज सेटिंग त्याला प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या जवळ आणून ठेवतं. लायफला इतके लाड लागत नाहीत, निम्म्याच्या आसपास भरलेला चालतो. पण गाडीला जोडलेला मात्र कुठलाच ठेवू नये, स्विच बंद असला तरी. काही इलेक्ट्रॉनिक स्विच बंद अवस्थेतही थोडा करंट पीत राहतात.

नव्या पॅकवर गोणपाटाची तीच चाचणी पुन्हा केली. चाकं टेकवली, स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला. स्कोपवरची रेघ ६.६ वरून ६.४ पर्यंत आली आणि तिथूनच परत वर गेली. भाच्याने टिचकी मारून पाहिली, मग टेबलच हलवून पाहिलं. रेघ जागची हलली नाही.