समुद्र चढला की जमीन खचली?

पौर्णिमेच्या उधाणाला वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभं राहा. पाणी कुठल्या पायरीला लागलं, याकडे तिथे सगळ्यांचंच लक्ष असतं. जाळं सांधत बसलेले एक काका मला म्हणाले, "आमच्या लहानपणी ही पायरी कोरडी राहायची." त्यांच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. तरी प्रश्न उरतोच: समुद्र चढला, की पायरी खाली गेली?

अपोलो बंदरावरचा भरतीमापक 1878 पासून पाण्याची उंची नोंदवतो आहे. पण तो जमिनीवर बसवलेला. जमीन खचली तरी त्याला पाणीच वाढल्यासारखं दिसतं. म्हणून जमिनीशी संबंध नसलेला साक्षीदार हवा होता. 1992 साली 'टोपेक्स/पोसायडन' हा उपग्रह 1336 किलोमीटरवर गेला, आणि आज त्याच कक्षेतून 'सेंटिनल-6' हेच काम करतो. तो रडार लहर खाली सोडतो आणि ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो. हा वेळ म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले साधारण नऊ भाग. त्यात सेकंदाच्या दीड हजार कोटीव्या भागाची चूक झाली, तरी उंची एक सेंटीमीटरने चुकते! त्यातून हवा दमट असली की लहर रेंगाळते, म्हणून वाटेतली वाफ मोजणारं वेगळं यंत्रही सोबत असतं. माणसाने एवढी काटेकोर मोजपट्टी बनवली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

1993 पासून जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 10 सेंटीमीटर चढली आहे, आणि चढण्याचा वेगही वाढतो आहे. तापलेलं पाणी फुगतं, वितळलेला बर्फ त्यात भर घालतो.

गंमत अशी की किनाऱ्याजवळच ही नजर अडखळते. रडारचा झोत काही किलोमीटर रुंद पसरतो, त्यात जमीन आली की नोंद गढूळ होते. 2013 साली गेलेल्या भारत-फ्रान्सच्या 'सरल'चा झोत अरुंद होता, त्यामुळे त्याला किनाऱ्याच्या बरंच जवळ मोजता आलं. अगदी धक्क्यापाशी मात्र भरतीमापकाला पर्याय नाही.

आणि जमीन? जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' हा उपग्रह दर 12 दिवसांनी त्याच जागेवरून जातो. पावसाळी ढगांतूनही त्याचं रडार खाली बघू शकतं, आणि नोंदींची तुलना करून मिलिमीटरांतलं खचणं पकडता येतं. काकांच्या पायरीवर चढलेल्या पाण्यात समुद्राचा वाटा किती आणि जमिनीचा किती, हे या तिन्ही मापांची सांगड घातल्यावरच कळेल.