हेडसेट लागतो की डोळ्यांवर येतो?

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायचं यंत्र, काढल्यावर माणसं सरसकट एकच म्हणतात, "गरगरलं." नीट विचारलं तर त्या एका शब्दाखाली दोन वेगळी दुखणी निघतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं दुखणं एसटी लागण्याच्या जातीचं. घाटात आतल्या कानाला प्रत्येक वळण कळतं, पण नजर समोरच्या सीटवर असते. तिला काही हललेलं दिसत नाही. व्हीआरमध्ये नेमकं उलटं. डोळ्यांपुढे जग धावतं आणि शरीर सोफ्यावर स्वस्थ. तोंडाला पाणी सुटतं, जांभया येतात, गार घाम फुटतो, पोटात ढवळतं. हेडसेट काढला तरी लगेच उतरत नाही. यावर जॉयस्टिकने चालण्याऐवजी टेलिपोर्ट, म्हणजे न चालता एकदम हव्या त्या जागी पोचणं, निवडावा, आणि मळमळ जाणवताच थांबावं. "होईल सवय" म्हणत कुणालाही रेटायला लावू नका. आधी मळमळलेल्या माणसाला पुढच्या वेळी हेडसेट बघूनच नको वाटतं.

दुसरं दुखणं निव्वळ डोळ्यांचं. पोट ठीक असतं, पण कपाळ ठणकतं, अक्षरं पुसट किंवा दुहेरी दिसतात. माझी कॉलेजात जाणारी भाची दहा मिनिटांत म्हणाली, "मामा, मला हे झेपत नाही." बघतो तर लेन्स तिच्या बाबांच्या मापाला, एकमेकींपासून पार लांब सरकवलेल्या. जवळ आणल्या आणि ती मेन्यूतली बारीक अक्षरं वाचून दाखवू लागली.

दोन बुबुळांमधलं अंतर, चष्म्याच्या दुकानात ज्याला पीडी म्हणतात, मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. बायकांचं सहसा थोडं कमी. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये लेन्सना ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा होत्या. क्वेस्ट ३ ला त्यासाठी फिरवायचं चाक आहे. आपली पीडी विचारून लिहून ठेवा, फार उपयोगी पडते.

माप जुळूनही एक अडचण उरते. आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये फोकस मीटर-दोन मीटरवर पक्का असतो. आभासी पुस्तक नाकाजवळ आणलं की बुबुळं आत वळतात, फोकस मात्र तिथेच. वाचायचं ते हातभरापेक्षा लांब ठेवा.

नक्की काय होतंय हे ओळखायचं असेल तर एका जागी बसून पानभर मजकूर वाचा. तेवढ्यानेच कपाळ दुखलं तर लेन्स तपासा. वाचताना काही झालं नाही आणि चालायला लागल्यावर ढवळलं, तर तुम्हाला एसटीच लागली आहे.