रजा मान्य, पण पगार कुणी द्यायचा?

८ डिसेंबर २०२५ रोजी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. इथल्या मराठी माणसाचं लक्ष अशा वेळी या अधिवेशनाच्या विरोधात भरणाऱ्या मराठी भाषकांच्या महामेळाव्याला परवानगी मिळते की जमावबंदी लागते, याकडेच असतं. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत मात्र वेगळंच घडलं. मासिक पाळीच्या रजेच्या सरकारी आदेशाला उच्च न्यायालयाने सकाळी अंतरिम स्थगिती दिली आणि दुपारी महाधिवक्त्यांनी बाजू मांडल्यावर ती मागे घेतली. महिन्याला १ दिवस, वर्षाला १२ दिवस भरपगारी रजा, सरकारी कचेरीपासून खासगी कारखान्यापर्यंत, १८ ते ५२ वयाच्या नोकरदार बायकांना, असं ते धोरण. कामगार मंत्री संतोष लाड यांच्या खात्याने ते आणलं आणि मंत्रिमंडळाने ९ ऑक्टोबरला मंजूर केलं. कोर्टात गेलेल्यांत बेंगळुरूची हॉटेलवाल्यांची संघटना होती. विधिमंडळात कायदा न करता नुसत्या आदेशाने हा बोजा मालकावर कसा टाकता, हा तिचा सवाल.

दोनच वर्षांपूर्वी, १३ डिसेंबर २०२३ ला, राज्यसभेत याच विषयावर उलट सूर लागला होता. खासदार मनोज झा यांच्या प्रश्नाला उत्तर देताना तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नव्हे, तिच्यासाठी वेगळी रजा देऊ लागलो तर बायकांना समान संधी नाकारली जाईल. एक मंत्री रजा देऊन न्याय करतो म्हणतो, दुसऱ्या मंत्री न देऊन. बिहारने १९९२ पासून सरकारी महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला २ दिवस दिलेले असताना हा वाद नवा म्हणून मांडला जातो, हेही गमतीचंच.

केंद्र आणि राज्य दोघंही यात बोलू शकतात, कारण घटनेच्या समवर्ती सूचीतल्या २४ व्या नोंदीत कामगार कल्याणाबरोबर प्रसूतीचे लाभही येतात. अनुच्छेद ४२ तर न्याय आणि बाळंतपण एकाच वाक्यात घालतो: कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती, आणि प्रसूतीसाठी साहाय्य. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे. सरकारने त्याप्रमाणे वागावं अशी अपेक्षा आहे, पण त्याच्या जोरावर थेट कोर्टात दाद मागता येत नाही.

आता थोडं मागे जाऊ. १९२८ साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्या वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी कारखान्यांतल्या बाळंतिणींना भत्ता देण्याचं विधेयक मांडलं. सरकार अनुकूल नव्हतं. विधेयकाच्या बाजूने उभे राहिलेल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सीमाभागाला ते परके नव्हते. तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीच्या प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं होतं. कौन्सिलात त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. मालकानेही काही द्यावं, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो. कामगार खात्यातल्या मंत्र्यांची पुढची भाषणं वाचली की वाटतं, हे दुसरं वाक्य सगळ्यांनी उचललं आणि पहिलं सोयीस्कर विसरलं.

१९२९ साली कायदा झाला. दिवसाला ८ आणे, तेही फक्त कारखान्यातल्या बाईला. घरोघरी बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर ठेवण्याची, शेक-शेगडीची, डिंकाच्या लाडवांची रीत होतीच. कायद्याने त्या दिवसांची मजुरी धरायला सुरुवात केली, एवढंच. पण ज्या घरात सासूच दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायची, तिथे सव्वा महिना कुठला?

आंबेडकरांच्या या कहाणीला एक अवघड वळण आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९४२ ला ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, म्हणजे आजच्या भाषेत मंत्रीच. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ ला बायकांच्या भूमिगत खाणकामावरची बंदी उठवली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधानसभेत त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा सरकारचा बचाव त्यांनाच करावा लागला. त्याच काळात खाणीतल्या बाळंतिणींच्या कायद्यात दुरुस्त्याही त्यांच्याच खात्याने केल्या. बंदी परत आली ती १९४६ ला. मागणी करणारा माणूस खुर्चीवर बसला की त्याच्या तोंडी बचाव येतो, हे सूत्र तेव्हापासूनचं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमाभागात हा काळा दिन. कायद्याच्या पुस्तकात मात्र राज्य बदललं तरी जुने कायदे तसेच चालू राहिले, म्हणजे बाळंतिणीसाठी मुंबईचाच कायदा. १९६१ ला संसदेने सगळ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा केला: १२ आठवडे रजा आणि पूर्ण पगार, तो मालकाने द्यायचा. कामगारांच्या राज्य विमा योजनेचा (ईएसआय) १९४८ चा कायदा यापेक्षा शहाणा होता, असं माझं मत. त्यात सगळे मालक आणि कामगार वर्गणी भरतात आणि बाळंतिणीचा पगार त्या सामाईक पेटीतून जातो. बाई ठेवली म्हणून एकट्या मालकाला भुर्दंड पडत नाही. पण आज पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की ती पेटी बंद.

आता निपाणी. तंबाखूच्या वखारी आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका यांच्या जोरावर हे गाव उभं राहिलं. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात गोळीबारात शेतकरी मेले, ते लोकांच्या लक्षात आहे. वखारीतल्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना बांधली, हे कमी सांगितलं जातं. कागदावर विडी कामगारणीला पुष्कळ काही आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने प्रसूती लाभ कायदा तिला लागू केला, घरी बसून वळणारीलासुद्धा. मंगळूरच्या गणेश बिडी कारखान्याने त्या कायद्याला आव्हान दिलं आणि १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

पण लाभ मागायचा तर आधीच्या १२ महिन्यांत ठरावीक दिवस काम केल्याचा पुरावा हवा. १९६१ ला ही अट १६० दिवसांची होती, १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० वर आली. घरात वळणारीचे दिवस कोण मोजणार? तंबाखू आणि पानं देतो कंत्राटदार, मजुरी ठरते हजार विड्यांवर, छाटात, म्हणजे खराब म्हणून बाद, किती गेल्या तेही तोच ठरवतो. वहीत नाव एकीचं, वळणाऱ्या तिघी: आई, मुलगी, सून. बाळंत होते सून आणि कंत्राटदाराच्या लेखी ती कामावर नसतेच. कारखानदार म्हणतो, ती माझी कामगार नव्हे, कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणतो, मी फक्त माल पोचवतो.

दिल्लीत पुढची मोठी खेप २०१७ ला झाली. कामगार मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी आणलेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. फायदा सुमारे १८ लाख बायकांना होईल, हा सरकारचाच आकडा. एवढ्या मोठ्या देशात १८ लाख. असंघटित बायकांचं काय आणि बापाचं काय, हे प्रश्न तेव्हाही निघाले. पहिल्याचं उत्तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र किमान ६,००० लिहिलेले होते. पुढे २६ पैकी ७ आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची कल्पना कामगार मंत्रालयाने २०१८ ला बोलून दाखवली, म्हणजे आंबेडकरांचं विसरलेलं वाक्य ९० वर्षांनी आठवलं. ती कल्पना विचाराधीनच राहिली.

बापाच्या रजेचं थोडक्यात: केंद्राच्या कर्मचाऱ्याला १९९७ पासून १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ ला खासगी विधेयक आणलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

अधिवेशन डिसेंबरात भरतं आणि गळीत हंगामही तेव्हाच भरात असतो. ऊसतोडीच्या कामासाठी बीडकडच्या टोळ्या बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या जोडीवर घेतलेली, त्यामुळे बाई बाळंत झाली तर मोडतो तो कोयता, आणि खाडा पडला की पैसे उचलीतून वळते होतात. कारखाना टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या कागदाकडे. सुवर्णसौधात रजेची चर्चा रंगते तेव्हा बाहेरच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जात असतात. फडात राहिलेल्या बाईचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, मग तिच्या रजेचा अर्ज घ्यायचा तरी कुणी?