वनस्पती तूप आणि अर्ध्यावर सुटलेली अभिक्रिया

दहावीला समावेशन अभिक्रिया शिकताना एक उदाहरण हमखास येते. तेलात हायड्रोजन सोडला, निकेलचा उत्प्रेरक घातला, दुहेरी बंध उघडले, हायड्रोजन जोडला गेला आणि वनस्पती तूप तयार झाले. हे बरोबरच आहे. पण वनस्पती तुपात ट्रान्स फॅट (आरोग्याला घातक ठरणारा मेदाचा एक प्रकार) कुठून आले, ते यातून कळत नाही, आणि मला तरी या अभिक्रियेतला सर्वांत विलक्षण भाग तोच वाटतो.

तेलाचे रेणू मेदाम्लांपासून, म्हणजे कार्बनच्या लांब साखळीच्या आम्लांपासून, बनतात. त्यांपैकी शेंगदाणा तेलात भरपूर असणारे ओलेइक आम्ल घ्या. १८ कार्बनची साखळी, नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध. एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग फिरू शकतात, दुहेरी बंधाभोवती ते जखडलेले असतात. म्हणून त्या दोन कार्बनवरचे हायड्रोजन एकाच बाजूला (सिस) आहेत की विरुद्ध बाजूंना (ट्रान्स), याला महत्त्व येते. ओलेइक आम्ल सिस आहे. त्याची साखळी मध्येच कोयत्यासारखी वाकते, रेणू दाटीने रचले जात नाहीत आणि ते साधारण १३ अंश सेल्सिअसलाच वितळते. त्याचा ट्रान्स समघटक म्हणजे इलाइडिक आम्ल. अणू तेवढेच, जोडणीचा क्रमही तोच, पण साखळी जवळजवळ सरळ. ते वितळायला ४० अंशांच्याही वर जावे लागते.

निकेलच्या साहाय्याने अल्कीनला (दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनला) हायड्रोजन जोडण्याचे काम फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी केले. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तेच तंत्र द्रवरूप तेलांसाठी वापरले. भारतात १९३७ मध्ये डालडा आला आणि पुढे वनस्पती तुपालाच लोक डालडा म्हणू लागले.

आता निकेलच्या पृष्ठभागावर काय घडते ते पाहू. तिथे हायड्रोजनचा रेणू फुटून सुटे अणू होतात. तेलाचा रेणू दुहेरी बंधाच्या बाजूने निकेलला टेकतो आणि हायड्रोजनचा एक अणू घेतो. दोन्ही अणू एकदम जोडले जात नाहीत! या मधल्या अवस्थेत दुहेरी बंध उरलेला नसतो, त्यामुळे साखळी फिरू शकते. दुसरा अणू मिळाला तर अभिक्रिया पूर्ण होते. हायड्रोजन अपुरा असेल, तर उलटेच घडते: रेणू एक हायड्रोजन गमावतो, दुहेरी बंध पुन्हा तयार होतो आणि रेणू निकेलपासून सुटतो. ट्रान्स रचना अधिक स्थिर, म्हणून परतताना बरेच रेणू ट्रान्स होऊन येतात. कधी दुहेरी बंध शेजारच्या कार्बनवरही सरकतो, म्हणजे आणखी एक समघटक.

हे ट्रान्स मेद रक्तातले घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक एचडीएल घटवतात. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले आणि वनस्पती तुपात त्यांची मर्यादा २ टक्के आहे.

मात्र ‘हायड्रोजनीकृत’ शब्द दिसला की ट्रान्स असणारच, असे नाही. अभिक्रिया शेवटपर्यंत नेली, तर दुहेरी बंधच उरत नाही आणि बंध नाही तर सिस-ट्रान्सचा प्रश्नही नाही. ओलेइकचे मग स्टिअरिक आम्ल होते, तेही सुमारे ६९ अंशांना वितळणारे. असा टणक मेद द्रवरूप तेलात मिसळून, त्यांच्यातल्या मेदाम्लांची अदलाबदल घडवून, हवा तेवढा मऊपणा आणता येतो.